खालच्या तबकडीची येळ

माझं गाव उंब्रजच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं काळं रान, ऊस आमचा बापजाद्यापासनं. शाळा म्हनाल तर दुसरी, तीबी मास्तरनं कान धरून बसवलं म्हनून. पन घड्याळ माझं मी शिकलो, आन् तेबी साधं न्हाई, दोन तबकड्यांचं. काय सांगू तुमाला, अख्ख्या उंब्रजच्या बाजारात तसलं दुसऱ्या मनगटावर नव्हतं.

थोरला आमचा, शंकर, बोटीवर खलाशी म्हनून गेला आन् इलायतेत उतरून लोखंडाच्या कारखान्यात लागला. पैल्यांदा सुट्टीवर आला तवा हातातलं काढून माझ्या हातात बांधलं. म्हनला आबा, वरची तबकडी तुमची, खालची माझी, चाव्या येगयेगळ्या, दोनीबी रोज द्यायच्या. म्हनला, आदी इमान चालवनारी मानसं दोन दोन घड्याळं बांधायची, एक घरचं, एक जाईल तिथलं, मग कुनीतरी डोकं लडवून एकातच दोन बसवली. मी म्हनलं, आन् तुजं माजं मिंटाचं काटं का रं जुळंनात? म्हनला, लय मुलकांचं पुऱ्या तासात भागतं आबा, आपला अर्दा तास वरचा.

आई त्याची चुलीम्होरं. तिनं एकच इचारलं, लेकरा, तिकडं जेवतोस कवा रं? ह्यो आपला हसून म्हनला, एक वाजता. झालं. तो गेला आन् दुसऱ्या दिसापासनं खालच्या तबकडीत एक वाजल्याबगार बाई घास घेईना. तिथलं एक म्हंजी आपलं सांजचं साडेसहा. दिसभर उसाची भांगलन, आन् पोटात नुसता च्या. मी लय बोललो. म्हनली, लेकरू उपाशी आन् मी गिळू व्हय? आळीतल्या बाया त्याला इलायती एकादशी म्हनाय लागल्या. मी हट्टी, ती माझ्यापरास हट्टी. एक दिस सरीतच घेरी यून पडली.

तवा मी घड्याळ घिऊन बसलो. बगतो तर काय, खाली दिसातनं दोनदा एक वाजतंय की! एकदा सांजचं, एकदा आपल्या सकाळच्या साडेसहाला. तबकडीला कुठं ठावं, दिस का रात. मी म्हनलं, अगं ऐकलंस का, बाजारात कुंडलचा फौजी भेटला, त्याचा भाऊ तिकडंच हाय, म्हनला शंकरला रातपाळी लागलीया, रातच्या एकाला डबा खातोय. फौजी कुठला आन् भाऊ कुठला. तिनं टक लावून बगितलं माझ्याकडं. सकाळी उजाडताना घड्याळ मागून घेतलं, खालची तबकडी बगितली, आन् भाकरी घिऊन बसली.

दोन वर्सांनी शंकर आला. दुपारचं ताट वाढलं तर नुसती बोटं फिरवतोय. म्हनला आये, दिसाचं जेवान जाईना, रातपाळीनं सवयच मोडली. ती म्हनली, ठावं हाय रं, तुज्या आबांनी सांगितलं तवाच. शंकर माझ्याकडं बगाय लागला. म्हनला, आबा, आय झुरंल म्हनून मी आजवर कुनाला कळू दिलं न्हाई, पैल्या दिसापासनं रातपाळीच हाय माझी, तुमाला सांगितलं कुनी? मी तांब्या उचलला आन् पानी पीत ऱ्हायलो.

आता ती न्हाई, गेल्या साली गेली. शंकर तिकडंच रमला. वरची तबकडी बंद पडली, साताऱ्याचा घड्याळवाला म्हनला, आवं आबा, ह्याचा भाग मिळत न्हाई, साधं घ्या एक. मी म्हनलं ऱ्हाऊ दे, आपली येळ काय, दिस उगवला की कळती. खालचीला तेवडी चावी देतो रोज. दमलोय आता, भूक बी पैल्यावानी लागत न्हाई. पन सकाळी तिथं एक वाजलं की चुलीम्होरं जाऊन भाकरी मोडतो. जेव रं पोरा, म्हनतो, आमी बसलोय.