तक्त्यात नसलेली गिरकी

नाही हो ताई, तुमच्या लेकीवर माझा कशाला राग असेल? घरी येऊन रडली? रडू दे. तिच्या स्केटिंगमधून ती गिरकी मी काढून टाकली, टाकली म्हणजे टाकली – परवा निवड आहे, गेल्या खेपेला थोडक्यात हुकली होती, विसरलात? त्या गिरकीत ती पार मागे वाकते, केस बर्फाला लागतात, आणि तिथून हात न टेकता उलटी फिरत वर येते – असलं दुसरं कुणी करत नाही म्हणता, मान्य, पण कुणी करत नाही म्हणूनच तर परीक्षकांच्या तक्त्यात ते नाही, आणि तक्त्यात नाही म्हणजे गुण नाहीत. मोठी उडी घेताना सपशेल आपटली ना, तरी काहीतरी पदरात पडतं – आपटण्याचासुद्धा भाव ठरलाय! नवीन काही केलं, त्याचा नाही. मी काय करू? मध्यंतरी उडीत हात वर केला की गुण वाढायचे, तर माझ्या सगळ्या पोरी हात वर करून उडायला लागल्या – बसमध्ये दांडी धरल्यासारख्या. कुणी शिकवलं? मीच, आणखी कोण!

धोका? छे, धोक्याचं काही नाही त्यात. म्हणजे – गुडघ्याला लागतं जरा. मला कसं माहीत? अहो, कोच आहे मी. ही पट्टी? ही कपाटावर आपटून – बरं बाई, केलं मी. सकाळी रिंकवर कुणी नसतं, म्हटलं बघावं तरी, पोरगी तिथून उठते कशी. नाही जमलं. रोज करतेय, जमत नाही आणि सोडवतही नाही – झालं समाधान? तिला सांगाल तर याद राखा.

थांबा, तिचं म्युझिक लागलं. हं, इथे ती खाली जायची – आता नाही, आता पाय धरून फिरेल, तक्त्यातलं... पाय बदलला, बरोबर... उडी... उतरली. कुठे बोट ठेवायला जागा नाही. परवा निवड पक्की, माझा शब्द. अहो, टाळ्या तरी वाजवा, आई ना तुम्ही? मी? मी नाही वाजवल्या? – ती इकडेच बघतेय. कसं झालं विचारतेय. तुम्ही सांगा ताई. नाही, तुम्हीच सांगा. जा ना.