तक्रारीचा फॉर्म

तुमी म्हणता, अमरावतीत बसून मुंबईचं काम करायले भेटते म्हणजे मजाच. मग हे ऐका.

राजापेठेत आमी वेबसाइट बनवायचो, तवाची गोष्ट. मुंबईच्या एका बियाणे कंपनीचं काम होतं. त्यांच्या साहेबाचं तोंड आमी कधी पाहिलं नाही. दर सोमवारी फोनवर बोलणं व्हायचं. साइटवर शेतकऱ्यांसाठी तक्रारीचा फॉर्म होता. तक्रारी कोणाले पाठवायच्या, हे साहेबानं सांगितलंच नाही, म्हणून त्या आमच्याच ईमेलवर येत. पहिल्याच आठवड्यात साठ आल्या. सगळ्यांचं एकच, बी उगवलं नाही. आमच्यातल्या नसरीनले त्यात तिच्या अब्बांचं नाव दिसलं. त्यांचं वावर अकोल्याकडं होतं.

सोमवारी फोन तिनंच स्पीकरवर घेतला. "सर, साठ जणांचं बी उगवलं नाही. त्यात माझे अब्बा आहेत. दुबार पेरणीची वेळ निघून चालली. या तक्रारी कोणाला पाठवू?"

"साठच्या साठ पोचल्या?" साहेब खुश झाला. "म्हणजे फॉर्म बरोबर चालतोय! काम पूर्ण झालं म्हणून लिहून टाका."

नसरीन माझ्याकडं पाहत राहिली. साइटच्या कामांची यादी माझ्यापाशी होती. तक्रारीच्या फॉर्मसमोर मी लिहिलं, "पूर्ण."