ओव्यांसाठी नेलेली ज्वारी

चहा उकळंस्तोवर सांगतो. त्र्याहत्तर साली परभणीत आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. माझा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर, दिगंबरचा ज्वारीच्या वाणांवर.

चुडाव्याच्या सारजाबाई मला म्हणाल्या, "जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाई, आन् दळायला घरात दाणा न्हाई."

पुढच्या खेपेला खोलीतली ज्वारीची पिशवी नेली. सत्तावीस ओव्या मिळाल्या, वर भाकर.

परतलो तर दिगंबर पिशवी शोधायलाय. तीन हंगाम निवडून ठेवलेलं बियाणं होतं ते.

"दळलं," मी म्हणालो.

तो खाटेवर टेकला.

"भाकर कशी होती?"

"लय गोड."

त्यानं वही उघडली. 'चव' हा रकाना तीन वर्षं रिकामा होता. तिथं 'गोड' लिहिलं आणि खाली, 'बियाणं शिल्लक नाही.'