उन्हात राहिलेली चार

रोवन : शेडनेटखालची सगळी रोपं मेली. बाहेर, भर उन्हात राहिलेली चार जगली.

टॅन्सी : आधी मेलेली दाखव.

रोवन : ही काय, तुझ्या पायाशी. किनाऱ्यावरून एवढा डोंगर चढून आलीस, तर तुझ्या प्रयोगशाळेतली अक्कल लाव जरा. माझी चालेनाशी झालीय.

टॅन्सी : बाहेर कोणी काढली होती?

रोवन : हॅडलीनं, माझ्याकडे कामाला आहे ना, तिनं. गेले काही दिवस तीच सरावाला काढत होती. खोलीतल्या दिव्याखाली वाढलेली गांजाची कलमं, त्यांना ना वारा माहीत, ना ऊन. आज थोडं, उद्या थोडं जास्त, असं करत न्यायचं. काल दुपारी आत घ्यायची होती. पण खालच्या वळणावर माझा ट्रक रुतला, ओढायला तिला बोलावून घेतलं. संध्याकाळी वर येऊन बघतो, तर सगळी आडवी.

टॅन्सी : आणि आता ती कुठं आहे?

रोवन : कामावरून काढून टाकली सकाळी. शहरात बंद खोल्यांत पिकवून आलेली बाई. डोंगरावरचं ऊन तिला काय कळणार? एकच जाळी घातली असणार. वर म्हणते, दोन होत्या.

टॅन्सी : दोनच आहेत. मान वर करून बघ.

रोवन : मागाहून घातली असेल दुसरी.

टॅन्सी : कधी? तुझ्याबरोबर ट्रक ओढत असताना?

रोवन : तू तिचं वकीलपत्र घेऊन आलीस का?

टॅन्सी : ती चार कुठं आहेत?

रोवन : टाकीमागे. मरतुकडी म्हणून बाजूला टाकली होती, खताच्या खड्ड्यात जायची होती. तिथंच विसरली. ही बघ.

टॅन्सी : पानं कागदासारखी पांढरी पडलीत. ऊन बाधलं की असं होतं. शेंडा मात्र हिरवा आहे. यातून ही उठतील. आता जाळीखालचं पान हातात घे. पांढरं आहे?

रोवन : नाही. काळपट आहे. लिबलिबीत.

टॅन्सी : उकडलेल्या पालेभाजीसारखं. हे उन्हाचं काम नव्हे. मूळ झाडाची पुन्हा कलमं काढता येतील ना?

रोवन : मूळ झाड नाही.

टॅन्सी : नाही म्हणजे?

रोवन : कलमं काढली आणि मागोमाग ते मुळातून सडलं. तुला सांगितलं नाही मी. आपल्या आईनं वर्षानुवर्षं निवडून निवडून केलेली जात. बियांतून ती तशी उतरत नाही, आणि आई असेपर्यंत तिनं एक फांदी कुणाला दिली नाही. सगळ्या हम्बोल्ट जिल्ह्यात आता ही चारच आहेत. ही गेली की आईचं इथलं काही राहिलं नाही. आणि बाकीची कशानं मेली ते कळल्याशिवाय ही जमिनीत लावायची कुठल्या भरवशावर?

टॅन्सी : मग आधी कारण शोधू, माणसं नंतर काढ. माती ओली आहे, म्हणजे तहान नव्हे. मुळं पांढरी आणि टणक आहेत, म्हणजे खालून सड नाही, कढत पाणीही पडलेलं नाही. जे झालं ते फक्त वरच्या भागाला झालं. या नावाच्या पट्ट्या बघ.

रोवन : वाकल्यात.

टॅन्सी : प्लास्टिक वाकलंय. दोन जाळ्यांखाली, मोकळ्या हवेत, एवढी उष्णता साठेल?

रोवन : नाही साठणार.

टॅन्सी : जाळीच्या कमानी खाली दबल्यात. शेंडे सगळे एकाच बाजूला मोडलेत, घराकडून कुंपणाकडे. काल वारा होता?

रोवन : पान हलत नव्हतं. हरणं घुसली असतील.

टॅन्सी : हरणं खाऊन जातात. उकडून ठेवत नाहीत. लाकडांवरची काळी ताडपत्री कुठं आहे?

रोवन : लाकडांवरच. तिचं काय?

टॅन्सी : उलटव ना जरा. ही बाजू नव्हे, आतली. हे काय चिकटलंय?

रोवन : पान.

टॅन्सी : सात बोटांचं. लाकडांना येत नाही असलं. काल घरी कोण होतं?

रोवन : कोणी नव्हतं.

टॅन्सी : रोवन.

रोवन : बाबा होते. ते दुपारी झोपतात. आणि त्यांचं नाव यात ओढू नकोस, तुझी गाडी कुठं चाललीय ते मला दिसतंय. मागच्या खेपेलाही तेच. किनाऱ्यावर न्या, डॉक्टरांना दाखवा. ते ठीक आहेत. स्वतःचं स्वतः करतात, कोंबड्यांना घालतात.

टॅन्सी : मागच्या खेपेला कोंबड्यांना कॉफीची पूड घातली होती.

रोवन : चुकतं माणसाचं. तुझं नसेल चुकत.

टॅन्सी : मी त्यांना नुसतं विचारते. बाकी काही बोलत नाही.

रोवन : आवाज चढवायचा नाही.

टॅन्सी : नाही चढवणार.

(त्यांचे वडील ऑरिन काठी टेकत अंगणात येतात.)

ऑरिन : कोण आलंय ते? टॅन्सी! किती वाळलीस गं. चुलीवर बीन्स आहेत, खाऊन घे.

टॅन्सी : खाते, बाबा. काल दुपारी काय केलंत तुम्ही?

ऑरिन : हळू बोल. काल आले होते.

रोवन : कोण आले होते?

ऑरिन : कोण म्हणून काय विचारतोस? हेलिकॉप्टर. खोऱ्यातून वर, अगदी झाडांच्या शेंड्यांना घासत. तुम्हा कुणाचा पत्ता नाही, आणि माल उघड्यावर मांडून ठेवलेला! जत्रा आहे का ही?

रोवन : बाबा, ते वीजवाले होते. वणव्याच्या दिवसांआधी तारा तपासतात. आणि आता गांजा पिकवायचा परवाना आहे आपल्याकडे. दारावर लावलाय, तुम्हीच खिळा ठोकलात.

ऑरिन : परवाना म्हणे. त्या साली पोलीस दोर सोडून उतरले, सगळं रान उपटलं आणि तुझ्या आईला इथंच, याच मातीत पालथं पाडून बेड्या घातल्या. त्यांना दाखवायचा होतास तुझा परवाना. तू माझ्या कडेवर होतास. माझा सदरा ओला केलास भीतीनं.

टॅन्सी : मग काल काय केलंत, बाबा?

ऑरिन : झाकली. दुसरं काय करतात? ताडपत्री ओढली, कडांवर दगड ठेवले. नाहीतर त्यांच्या पंख्यांच्या वाऱ्यानं उडते, हे तुम्हाला काय माहीत. आणि बसून राहिलो शेजारी.

टॅन्सी : ते गेल्यावर काढलीत?

ऑरिन : लगेच काढायची नसते, पोरी. ते जातात आणि फिरून येतात, तीच तर त्यांची खोड. ऊन उतरल्यावर काढली, होती तशी लाकडांवर टाकून आलो. खांदे भरून आलेत बघ. पण एक रोप हाती लागू दिलं नाही त्यांच्या.

रोवन : बाबा...

ऑरिन : लिनियाला मात्र सांगू नका हं. ओढताना एखाददुसरा शेंडा मोडला माझ्या हातून. तिचा जीव आहे त्यांच्यावर.

रोवन : नाही सांगत आईला.

ऑरिन : टाकीमागे अजून चार आहेत ना? आत्ता बोलत होतात. ती झाकून येऊ का?

रोवन : नको. ती मी बघतो. तुम्ही आत चला, टॅन्सीला वाढा.

ऑरिन : ये गं लवकर. निवतील.

टॅन्सी : आलेच, बाबा. रोवन, तारांचं काम महिनाभर तरी चालेल. नंतर वणवे सुरू झाले की पाण्याची हेलिकॉप्टरं. ही चार इथं वाढवायची असतील तर...

रोवन : कळतंय मला. पुढचं बोलू नकोस. तुझा फोन दे, माझ्याला रेंज नाही.

टॅन्सी : घे. हॅडलीलाच करतोयस ना?

रोवन : हॅलो, हॅडली? रोवन बोलतोय. ठेवू नकोस, ऐक. जाळ्या दोन होत्या, मी बघितल्या. तुझं काही चुकलं नव्हतं. वीजवाल्यांचं हेलिकॉप्टर आलं, ते माझ्या वडिलांना पोलिसांचं वाटलं. त्यांनी भर दुपारी रोपांवर ताडपत्री घातली, आणि रोपं आत शिजली. हो. नाही, कालच असं नाही. बऱ्याच दिवसांपासून आहे त्यांना हे.