सरूबाईनं केबिन पुसली तेव्हा

सिनेमाच्या रिळाला करंट येतो म्हटलं तर तुम्ही हसाल, पण मला त्याचे चटके बसलेत.

तेव्हा मी लातूरच्या एका टॉकीजात मशीन चालवायचो. थंडीचे दिवस, हवा कोरडीठाक. रीळ सुटताना फिल्मचे थर एकमेकांना चिकटायला लागले, हात लावला की चटका. दोन दिवसांत तीनदा फिल्म तुटली. खाली पब्लिक शिट्ट्या मारून राहिलं होतं. तीच प्रिंट पुढं नांदेडला जायची होती. तुकडे जोडून पाठवली असती तर मालकानं मला घरी पाठवलं असतं.

मशीन खोललं, पुसलं, अर्थिंगची वायर बदलली. फरक न्हाई.

तेवढ्यात झाडलोट करणारी सरूबाई दारात आली. "भाऊ, नळाला पाणी आलंय. आता तरी केबिन पुसू का?"

"पुसा बाई, काय पुसायचं ते पुसा."

तिनं फरशी पुसली, ओलं पोतं मशीनजवळ पसरलं. हवेत ओल आली तसा शो लावला. रीळ गुमान सुटत गेलं. इंटरवलला माझा जीव भांड्यात पडला.

म्हटलं, "सरूबाई, करंट गेला की हो. इतके दिवस का पुसलं न्हाई?"

"तुम्हीच म्हणले ना, टंचाई हाय, केबिनला पाणी घालवू नका."

आता रिळं गेली, सगळं डिजिटल आलं. तरी मशीन अडलं की इंजिनिअरला फोन लावायच्या आधी मी सरूबाईलाच हाक मारतो.