प्रस्थान ठेवलेला माणूस

मंडळी, ऐका! माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो. हा सिद्धांत आहे! देह म्हणा, जीव म्हणा, आधार कार्ड म्हणा — एक जिथे, तिथे सगळं. सूर्य जागचा हलेल, चंद्र हलेल, पण हा सिद्धांत हलायचा नाही!

हलला. आत्ताच हलला. ते खांबाला टेकलेले काका बघा. देह इथे, डोळे मिटलेले, आणि मन? मन गेलंय प्रसादाच्या पातेल्यापाशी — शिऱ्यात केळं घातलंय की नाही ते बघायला! पलीकडच्या ताई. पुढ्यात देव, हात जोडलेले, आणि मन स्वयंपाकघरात — दुधाखालचा गॅस बंद करून आले का गं मी? आता मला सांगा, खांबापाशी जे उरलंय, ते काका आहेत का? की काकांनी जागा धरायला ठेवलेलं काहीतरी आहे?

हसताय. हसा, आत्ताच हसून घ्या. आजचा प्रश्न एवढाच — माणूस असतो कुठे? देह असतो तिथे, की मन असतं तिथे? आणि मन निघूनच गेलं, तर मागे उरलेल्या देहाला घरातली माणसं किती दिवस ओळख देतात?

पेटीवाले, एक सूर धरून ठेवा. खालचा. हां, तसाच.

मिरजेत दिगंबरराव पळसोकर नावाचे गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जन्मभर पाणी अडवण्यात गेलेला माणूस! पण मनात कायम एकच पाणी — बार्बाडोसचं. कुठे आलं बार्बाडोस? वेस्ट इंडीजमध्ये! निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं. तुम्ही म्हणाल, महाराज, हे तर गुहागरलाही आहे. आहे! पण गुहागरला जायला विमान लागत नाही, आणि जिथे जायला विमान लागत नाही, तिथे गेलेलं सोसायटीत सांगता येत नाही!

पण दिगंबररावांची गोष्ट जरा वेगळी हो. लहानपणी त्यांच्या घरी रेडिओ होता. तिकडच्या क्रिकेटचं समालोचन लागायचं, आणि मधूनच खरखर यायची. खर्र... खर्र... वडील म्हणायचे, "स्टेशन नीट लागत नाहीये." पण हा मुलगा कान लावून बसलेला. त्याला वाटायचं, मैदानाच्या मागे समुद्र आहे, आणि तो आपल्याशी बोलतोय. मुलगा म्हातारा झाला, रेडिओ भंगारात गेला, पण खरखर काही कानातून गेली नाही. निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, "इंदू, आता जायचं."

इंदू म्हणजे इंदुमतीबाई. पत्नी. बाई म्हणाल्या, "जाऊ या की."

झालं! नियोजन सुरू! दिगंबरराव कॉम्प्युटरपुढे जे बसले, ते उठेनात. नकाशात बोट फिरवत तिथल्या गल्ल्या पाठ. किनाऱ्याकडे जाताना डाव्या हाताला फिकट पिवळं घर लागतं, त्याच्या कुंपणावर कुत्रं झोपलेलं असतं — पाठ! मिरजेत आपल्या जिन्याचा दिवा गेलाय, हे मात्र ठाऊक नाही. बाई येऊन सांगायच्या, "अहो, गुडघा फार दुखतोय हो हल्ली."

"हं," दिगंबरराव म्हणायचे, "तिथली वाळू मऊ आहे."

"अहो, डॉक्टरकडे जायचं का?"

"नोव्हेंबरनंतर. आधी तिकडे वादळं असतात."

नवरा उत्तरं देत होता, मंडळी! प्रत्येक प्रश्नाला उत्तर! फक्त पिवळ्या घरापाशी उभं राहून.

तारीख ठरली. गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "विमानाचा दिवस प्रवासाला वाईट आहे. पण चिंता नको, प्रस्थान ठेवा!" आता नव्या पिढीला सांगतो, प्रस्थान म्हणजे काय. मुहूर्त एका दिवशी, प्रयाण भलत्याच दिवशी, अशा वेळी आपल्या अंगावरचं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, अक्षता यांचं गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला, शेजाऱ्याच्या घरी, चांगल्या मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. की झालं! माणूस निघाला! देवाच्या दरबारी त्याच क्षणी निघाला. देह काय, मागाहून सवडीने येईल, जाता जाता गाठोडं उचलेल. पण एक आहे — गाठोडं माघारी आणायचं नाही. आणलंत, की प्रवास मोडला.

दिगंबररावांनी कुठलं वस्त्र घ्यावं? कॉम्प्युटरपुढे बसायचे, तो लांब बाह्यांचा निळा बुशशर्ट! कॉलरला त्यांची मान आणि कोपरांना टेबल लागून लागून विरलेला. वर जुना चष्माही ठेवला. दिशा पश्चिम. पश्चिमेला, जिन्यापलीकडच्या दारात, आबा वझे. निवृत्त मास्तर, एकटेच, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आबांनी गाठोडं चाचपलं, म्हणाले, "या पळसोकर, या! स्वागत आहे!" सगळे हसले.

आणि इथे चूक झाली. विमान जिथे बदलायचं, तिथला व्हिसा अजून हातात नव्हता. तो आलाच नाही. तिकीट पुढे ढकललं. पुन्हा ढकललं. आता विचार करा! गाठोडं तर निघालेलं. माणूस निघालेला. मग मिरजेच्या त्या घरात, खुर्चीवर, जे बसलं होतं — ते कोण?

पहिल्यांदा पहारेकऱ्याच्या लक्षात आलं. म्हणजे, लक्षात आलं नाही! रोज सलाम ठोकणारा माणूस दिगंबरराव समोरून गेले तरी तंबाखू मळत बसला. ते स्वतःशीच म्हणाले, "माजलाय." मग भाजीवाली. त्यांनी हात पुढे केला, तर तिने मागच्या बाईच्या पिशवीत भेंडी टाकली. मग सोसायटीची मांजर. खुर्चीत दिगंबरराव बसलेत, मांजर आली, जरा थबकली, आणि रिकाम्या खुर्चीत चढावं तशी त्यांच्या मांडीवर चढून, गोल फिरून, झोपली. आयुष्यात कधी तिने त्यांना शिवलं नव्हतं!

पेटीवाले, सूर सोडू नका हो.

मग एके दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, दिगंबरराव जेवायला आले. टेबलावर एकच ताट. इंदुमतीबाई शांतपणे वरणभात कालवतायत.

"अगं, माझं ताट?"

बाई जेवत राहिल्या.

"इंदू! चेष्टा पुरे!"

बाईंचा घास थांबला. मान जरा वाकडी करून त्यांनी कानोसा घेतला. उठल्या. दिगंबररावांच्या अगदी जवळून, पदर हाताला घासून गेल्या, आणि — "वारा सुटलाय वाटतं," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.

मंडळी, वारा! बेचाळीस वर्षांचा संसार — वारा!

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा, पुण्याहून. दिगंबरराव तिथेच उभे. बाई बोलतायत. "हो गं, जेवले. बाबा? अगं, ते केव्हाच गेले ना! ... नाही, एकटं नाही वाटत. खरं सांगू का? घर होतं तसंच आहे. काही फरकच पडला नाही बघ." आणि मग जरा हसल्या. "तू काळजी करू नको. मला सवय होतीच."

शिवी दिली असती तर परवडली असती हो! रडल्या असत्या तरी! फरकच पडला नाही. दिगंबरराव धावत आरशापुढे गेले. दिसत होते. पण त्या निळ्या बुशशर्टासारखेच, फिकट, कोपरांपाशी विरलेले.

तेव्हा त्यांना गाठोडं आठवलं.

जिन्यापलीकडे आबा वझ्यांचं दार नुसतं लोटलेलं. आतून बोलण्याचा आवाज. आबा म्हणत होते, "घ्या, चहा घ्या. आलं घातलंय. तुम्ही हल्ली किती छान गप्पा मारता हो, पळसोकर! इतकी वर्षं शेजारी राहिलात, कधी दोन शब्द बोलला नाहीत."

दिगंबररावांनी फटीतून पाहिलं. वेताच्या खुर्चीत गाठोडं. वर चष्मा. समोर स्टुलावर कप, वाफ निघतेय.

आणि गाठोडं बोललं! दिगंबररावांच्याच आवाजात, पण जुन्या रेडिओतून यावा तसा, खरखरत — "आबा, डाव्या हाताला पिवळं घर लागलं. कुत्रं आता जागं झालंय. पुढे वाळू सुरू होते. हा बघा... हा आवाज..."

खर्र... खर्र...

तोच! लहानपणचा! मैदानामागचा! अख्खी खोली त्या आवाजाने भरली, आणि पडद्याला झुळूक लागली — खिडकी बंद असताना!

कोणी म्हणेल, महाराज, आबांचा रेडिओ असेल. आबांच्या घरात रेडिओ नाही. विचारून आलोय.

दिगंबरराव आत शिरले आणि त्यांनी गाठोडं उचललं. ओलं होतं! खालून गार पाणी टपटपतंय. आबा ताडकन उठले. "कोण आहे? कोण ते? ठेवा खाली! माणूस प्रवासात आहे, त्याला असं अध्येमध्ये उचलू नये!"

"आबा, मी आहे. पळसोकर."

"काहीतरी सांगू नका," आबा म्हणाले. "पळसोकर माझ्यासमोर बसलेत."

दिगंबरराव बाहेर आले. जिन्यात उभे. हातात गाठोडं, गाठोड्यात समुद्र. घरी न्यावं तर प्रवास मोडला. हा आवाज गेला, कायमचा गेला! इथेच सोडावं, तर समुद्र आपला — आणि स्वतःच्या घरात आपण कोणी नाही. त्यांनी गाठोडं कानाशी धरलं. अहाहा! लाट येतेय, जातेय. जन्मभर हेच तर मागितलं होतं! पाऊल आपोआप जिन्याच्या कडेकडे वळलं, खाली, रस्त्याकडे, पश्चिमेकडे...

तेवढ्यात त्यांच्या घरातून आवाज आला. अगदी बारीक. इंदुमतीबाई खुर्चीतून उठत होत्या. "आई गं..."

एवढंच. रोज दहादा म्हणायच्या. वर्षभर म्हणत होत्या. दिगंबररावांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

मंडळी, बाकी काही नाही घडलं. देव प्रकट झाला नाही, वीज कडाडली नाही. दिगंबररावांनी गाठोडं कानापासून दूर केलं, काखेत धरलं, आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. स्वतःच्या घराची! किल्ली खिशात असताना!

दार उघडलं. बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. लांबच्या गावाहून आलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"आलात?"

"आलो."

"बरेच दिवस लागले."

"हो."

"कसं होतं?"

जिभेवर आलं होतं हो! पिवळं घर, कुत्रं, वाळू, लाटा. वर्षभराची तयारी! तोंड उघडलं होतं त्यांनी. पण निघालं ते हे — "तुझा गुडघा कसा आहे?"

पेटीवाले, सूर थांबवा.

बाई दारातून बाजूला झाल्या. मग पाठ फिरवून आत जाता जाता म्हणाल्या, "कुठला? आता दोन्ही दुखतात."

आणि टेबलावर दुसरं ताट ठेवल्याचा आवाज आला.

बुशशर्ट बाईंनी बादलीत भिजत घातला. पाणी ओतून दिलं, तर बादलीच्या तळाशी पांढरी, बारीक वाळू. बाईंनी ती मोरीत लोटली. कोणीच काही विचारलं नाही. काही घरांत काही गोष्टी विचारत नाहीत, म्हणून ती घरं उभी असतात.

आता तुमच्याकडे वळतो! चुळबुळू नका, चपला कुठे जात नाहीत. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बार्बाडोसला निघालोय? अहो, प्रस्थान ठेवायला गुरुजी लागत नाहीत! कोणी मुलाच्या अमेरिकेत ठेवलंय, कोणी पुढच्या निवडणुकीत, कोणी जन्मभर निवृत्तीनंतरच्या दिवसांत. आणि रोजच्या ताटावर बसवलाय नुसता देह, विचारलेल्याला उत्तर देणारा. आज घरी जा. आपली किल्ली काढू नका. बेल वाजवा. दार उघडणारं माणूस तुम्हाला बघतंय, की तुमच्यातून पलीकडचा जिना बघतंय, एवढं फक्त नीट निरखा. जिना बघत असेल, तर गाठोडं कुठे ठेवलंय ते आठवा, आणि आधी ते घेऊन या. नामस्मरण त्यानंतर केलंत तरी देव समजून घेईल.

हो, विचाराल म्हणून सांगून टाकतो. पळसोकर पुढे गेले बार्बाडोसला. दोघंही गेले, गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर. खोली पार्किंगच्या बाजूची मिळाली. एसीच्या आवाजात समुद्र काही ऐकू आला नाही.