खिंडीतली नरसव्वा

या, सरका जवळ. कंदील तेवढा बारीक करा. हां, आता ऐका.

आज कोळझरी रोड स्टेशनाला केवढा बाजार भरतो! पण माझ्या आज्याच्या काळात तिथं काय होतं? काही नव्हतं! सागाचं रान अन् रानडुकरं. मग रूळ आले. रुळांमागं माणसं आली, कुठली कुठली, मुलखावेगळी. तीस-चाळीस झोपड्या, एक पाण्याची टाकी, लोहाराचा भाता. झालं गाव! आपले जुन्या कोळझरीचे लोक त्याला 'लाइनीवरची वस्ती' म्हणायचे अन् तिकडं फिरकायचे नाहीत.

तर एका सांजेला त्या वस्तीतला भुजंग, रुळांच्या कामावरचा खलाशी, धापा टाकत आला. तानूबाई सुईणीच्या दारात उभा.

"मावशी, बायको अडलीय. चला!"

"तू पळ पुढं, पाणी तापव. मी सामान घेऊन आलेच."

वाटा दोन. वरची गाडीवाट तीन कोस. अन् दुसरी रुळांची, टेकडी फोडून केलेल्या खिंडीतनं. एकच कोस! पारावरचे म्हातारे म्हणाले, "तानू, खिंडीतनं नको."

"का हो?"

"नको म्हटलं ना!"

आता तानूबाईला 'नको' म्हटलं की संपलं. 'का' कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. निघाली खिंडीतनंच! हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय बरं.

अंधार पडला. खिंडीत शिरली. पुढं एक कंदील हलताना दिसला. भुजंगच असेल. "अरे थांब!" म्हणाली. कंदील थांबला. ती चालली, तसा कंदीलही चालला. ती पळाली, कंदील पळाला! अन् मग विझला.

मग रडणं आलं. तान्ह्या पोराचं. आधी डावीकडनं, मग उजवीकडनं. मग... पायाखालनं! दुसरी बाई असती तर तिथंच बसली असती. तानूबाई वाकून खडी चाचपत होती, पोर आहे तरी कुठं!

मान वर केली तर समोर झोपडी. आत दिवा. दारात एक बाई, पोट पुढं आलेलं, केस मोकळे.

"आलीस? ये. आत ये."

"कोण गं तू? भुजंगाची बायको का?"

"मी नरसव्वा. माझा नवरा ही टेकडी फोडायला होता."

"पण वस्ती तर पुढं आहे."

"तेव्हा इथंच होती. तेव्हाही माणूस धाडला होता तुझ्याकडं. तू म्हणालीस, वस्तीत पटकीची साथ आहे, सकाळी बघू."

तानूबाईला आठवलं. खरं होतं ते! दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती तसं. अन् पुढं काय झालं, एवढं विचारणारी बाई, पण ते मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

"सकाळी काय झालं गं?" तिनं आता विचारलं.

"सकाळ झालीच नाही. ये. आता तरी सोडव मला."

बाईनं हात धरला. थंडगार! तानूबाईचा पाय आपोआप उचलला गेला. उंबऱ्यात टेकला. अन् उंबरा थरथरायला लागला. लाकूड कसं थरथरेल? तिनं खाली हात लावला. लोखंड! अहो, रूळ तो!

शिट्टी झाली. खडीची गाडी!

"नरसव्वा, चुकले गं मी!" तानूबाई ओरडली. हातावरची पकड सैल झाली, एवढीशीच. तिनं अंग बाजूला फेकलं. धाडधाड धाडधाड, पदर फाडून गाडी गेली. ना झोपडी, ना दिवा.

तशीच रक्ताळलेल्या कोपरांनी ती वस्तीत पोचली. भुजंगाची बायको सुटली, मुलगी झाली. लाइनीवरच्या वस्तीत जगलेलं ते पहिलं पोर. ते जगल्यावर लोकांनी कुडाच्या भिंती पाडून मातीच्या घातल्या. म्हणाले, आता इथंच राहायचं.

तानूबाईनं दिवसाउजेडी खिंडीत जाऊन नरसव्वाची ओटी भरली. खण, नारळ, बाळाचं अंगडं. शांत झाली का ती? कुणाला ठाऊक! तिथं ना फाटक, ना सिग्नल, तरी रात्रीचे ड्रायव्हर आजही शिट्टी वाजवतात. का, ते विचारलं तर सांगत नाहीत.

तुम्हीही विचारायला जाऊ नका. दिवस मावळला की वरची गाडीवाट धरा. तीन कोस तर तीन कोस. पाय दुखतील, पण घरी पोचाल.